चर्चा: बाळ स्वाधीन करणाऱ्या आईचे ६० दिवस कमी करू नयेत

माळरान:
दत्तकासाठी नाव नोंदवलेल्यांची रांग लांबलचक, आणि संस्थांमध्ये दत्तक देता येण्याजोगी तान्ही बाळं मोजकीच. म्हणून ‘नियम सैल करा’ अशी ओरड असते. त्यात एक मागणी हमखास येते: आईने बाळ स्वाधीन केलं, म्हणजे सरेंडर केलं, की तिला फेरविचारासाठी मिळणारी ६० दिवसांची मुदत कमी करा. माझा याला ठाम विरोध आहे.

ज्या दिवशी ती बालकल्याण समितीसमोर, म्हणजे अशा मुलांबाबत निर्णय घेणाऱ्या सरकारी समितीसमोर, सही किंवा अंगठा करते, त्या दिवशी ती बहुतेकदा ओली बाळंतीण असते. टाके दुखतायत, दुधाने ब्लाउज भिजतोय, सोबत आलेला मामा एसटीची वेळ बघतोय. गावात सांगितलेलं असतं की पोरगी शिकायला आत्याकडे गेलीय. त्या खोलीत झालेली सही तिची म्हणायची की मामाची? घरी जाऊन जरा सावरल्यावर कुणी आधार देणारं भेटलं, तर तिला परत येता यायला हवं.

१८६३ मध्ये फुले दांपत्याने पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. मूल सोबत न्यायचं की तिथेच ठेवायचं, हे त्यांनी बाळंत होणाऱ्या विधवेच्या खुशीवर सोडलं होतं. तिथेच जन्मलेल्या, काशीबाई नावाच्या विधवेच्या यशवंतला पुढे त्यांनी दत्तक घेतलं. त्या काळी आईला दिलेली ही मुभा आज आपण घाईपोटी आखडती घ्यायची?

उंबरठा:
अजिबात पटलं नाही. आम्ही तीन वर्षांहून जास्त काळ रांगेत आहोत. होम स्टडीची, म्हणजे आमच्या घराच्या तपासणी अहवालाची, मुदत संपली, परत सगळी कागदपत्रं, परत घर बघायला माणसं. तरीही आमचं राहू द्या. बाळाचं काय? आईला वेळ द्यायचा म्हणून त्याने आयुष्यातले पहिले दोन महिने संस्थेच्या पाळण्यात काढायचे? २० दिवस पुरेसे आहेत. ज्या आईला परत यायचंच आहे, ती २० दिवसांतही येते.

माळरान:
उंबरठा, तुमची तगमग समजते. पण रांग या मुदतीमुळे लांबलेली नाही. ६० चे २० केले तर प्रत्येक बाळ ४० दिवस आधी घरी जाईल, एकही बाळ वाढणार नाही. तुमचा नंबर होता तिथेच राहील.

रातपाळी:
मी एका शिशुगृहात काही वर्षं मावशी म्हणून काम केलंय. उंबरठा म्हणतात ते मला पटतं. रात्री आम्ही दोघी आणि बाळं दहा-बारा. एकाला मांडीवर घेऊन पाजायचं, तोवर दुसरं रडून रडून गप्प झालेलं. पाहुणे येतात, ‘किती शांत बाळं आहेत’ म्हणून कौतुक करतात. अहो, रडून कुणी येत नाही हे कळलेलं बाळ शांतच असतं! सतत पाठीवर निजून डोकी मागून चपटी होतात. नवे आईबाबा न्यायला आले की बाळाचं रोजचं दुपटं न धुता सोबत द्यायचो, ओळखीचा वास राहावा म्हणून. बहुतेक आया परत येत नाहीत, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. न येणाऱ्यांच्या बाळांनी ६० दिवस का थांबायचं?

काळा_कोट:
दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. टाकून दिलेल्या बाळाचं प्रकरण निराळं. तिथे पालकांचा शोध घ्यावा लागतो, पोलिसांचा अहवाल लागतो, आणि दोन वर्षांखालचं मूल असेल तर समितीने दोन महिन्यांत ते दत्तकासाठी मोकळं जाहीर करावं असा कायदा आहे. अहवाल अडकला की तारखा पडत राहतात. विलंबावर बोलायचं तर तिथे बोला. २०२१ च्या दुरुस्तीने दत्तकाचा आदेश कोर्टाऐवजी जिल्हाधिकाऱ्यांकडे दिला तो वेळ वाचावा म्हणूनच.

आणि ‘ओळखीच्या नर्सकडून थेट बाळ मिळतं’ असं कुणी सांगत असेल तर चार हात लांब राहा. मुलाची खरेदी-विक्री केल्यास पाच वर्षांपर्यंत तुरुंगवास आहे. अशा व्यवहारात आईला ६० दिवस सोडा, ६० मिनिटंही कुणी देत नाही.

गोदाकाठ:
मी स्वतः दत्तक गेलेली. अठरा वर्षांची झाल्यावर संस्थेत जाऊन माझी माहिती विचारली. आईचं नाव गोपनीय, ते सांगितलं नाही आणि मला त्याचा राग नाही. पण तिला मुदत दिली होती, समुपदेशकाने तिच्याशी बोलणं केलं होतं, ती आली नाही, एवढं कळलं. मला ते फार मोलाचं आहे. माझे आईबाबा माझे आहेत ते कुणाला गप्प बसवून किंवा फसवून नाही, हे मला ठाऊक आहे. रातपाळीताई, न येणाऱ्या आयांच्या बाळांनाही त्या ६० दिवसांतून हे मिळतं.

रातपाळी:
बाळा, तुझं म्हणणं काळजाला भिडलं. तरीही रात्रीचं ते रडणं मला विसरता येत नाही.

माळरान:
रातपाळीताई, तुम्ही सांगितलेलं खरं आहे आणि मुदत राखा म्हणणाऱ्यांनी त्याचं उत्तर द्यायलाच हवं. माझं उत्तर: मुदत आईची राहू द्या, पण ते दिवस बाळाने संस्थेत काढायलाच हवेत असं नाही. प्रशिक्षण दिलेल्या, दत्तक घेण्याचा हेतू नसलेल्या कुटुंबात त्याला तेवढ्यापुरतं ठेवा. सध्या आपली तात्पुरत्या पालकांची सोय मुख्यतः सहा वर्षांवरच्या मुलांचा विचार करते. ती तान्ह्यांसाठी उघडा.

उंबरठा:
म्हणजे बाळाने दोन महिन्यांत एका कुशीची सवय करायची आणि मग तीही सोडायची?

काळा_कोट:
उंबरठा, प्रश्न रास्त आहे. पण आज मावशीची सवय सोडावी लागतेच ना? आणि माळरान, तिसरा मार्ग कायद्यातच आहे. बाळ स्वाधीन करायला आलेल्या आईकडेच ते देखरेखीखाली राहू देण्याची मुभा समितीला आहे. ती वापरायची तर तिला राहायला जागा आणि हाताशी चार पैसे लागतात. मामाच्या घरी ती बाळ घेऊन जाऊ शकत नाही.

रातपाळी:
जागा आणि पैसे द्या, मग मी ६० काय, ९० दिवसांनाही हो म्हणेन. तोवर माझं मत २० च.