अपघातानंतर बाबांचा गुडघा आखडलाय, वाकत नाहीये. फिजिओ आणि व्यायामाबद्दल सल्ला हवा आहे

सातारची_लेक
नमस्कार. बाबांसाठी विचारते आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

बाबा ६१ वर्षांचे. मधुमेह आहे, गोळ्या चालू आहेत. दिवाळीनंतर पुण्याहून परत येताना पुढचा ट्रक एकदम थांबला आणि आमची गाडी त्याच्यावर आदळली. बाबा ड्रायव्हरशेजारी होते. पट्टा लावलेला होता म्हणून जीव वाचला, पण उजवा गुडघा डॅशबोर्डवर आपटून वाटीचे तुकडे झाले. ऑपरेशन करून तारा घातल्यात. आता अडीच महिने होत आले. एक्स-रे बघून डॉक्टर म्हणाले, हाड छान जुळतंय, आता वाकवायला लागा. पण गुडघा ७० अंशांच्या पुढे जात नाही. पूर्ण सरळही होत नाही, पलंगावर पाय पसरला की गुडघ्याखालून माझा हात आरपार जातो.

घरी फिजिओसाठी येणारा मुलगा अर्धा तास शेक आणि करंट देऊन जातो, बाकी काही करत नाही. आत्या रोज फोन करून सांगते की गावाकडच्या हाडवैद्याकडे न्या, तेल लावून चोळून एका बैठकीत मोकळा करून देतो. एकाने गुडघा आपोआप वाकवणारं मशीन भाड्याने घ्यायला सांगितलं. सातारा-कराड-पुणे भागात कुठे दाखवावं? आणि बाबांना पुन्हा मांडी घालून बसता येईल का? रोजची पूजा खुर्चीत बसून करावी लागते, याचं त्यांना फार वाईट वाटतं.

फिजिओ_कोल्हापूर
ताई, बाबांचा गुडघा मागे पडलाय, पण हातातून गेलेला नाही. हाड जुळतंय आणि वाकवायची परवानगी मिळाली आहे, म्हणजे कामाला लागायची हीच वेळ आहे.

नेमकं काय झालंय ते आधी समजून घ्या. मार आणि ऑपरेशन यांमुळे सांध्यात रक्त आणि सूज साठली, पाय बरेच दिवस एकाच स्थितीत राहिला. त्यात वाटीच्या वरचा कप्पा आतून चिकटतो, सांध्याचं आवरण आकसतं आणि मांडीचा पुढचा स्नायू झोपी जातो. नुसता शेक आणि करंट यांनी यातलं काहीच सुटत नाही. त्याने तात्पुरतं बरं वाटतं, एवढंच. सांधा हलवल्याशिवाय हलत नाही.

सगळ्यांचं लक्ष वाकण्याकडे असतं. मला जास्त काळजी सरळ न होण्याची वाटते. गुडघा थोडा जरी वाकलेला राहिला तरी माणूस लंगडतो आणि मांडी लवकर थकते. बाबा गुडघ्याखाली उशी घेऊन झोपत असतील तर ती आजच काढा. बरं वाटतं म्हणून सगळे घेतात आणि पाय वाकलेलाच आखडतो. त्याऐवजी टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा, गुडघा अधांतरी राहू द्या, दहा मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा. त्याच स्थितीत मांडी आवळून गुडघा खाली दाबायचा, पाच मोजायचे, सोडायचं.

वाकवण्यासाठी पलंगावर पाय पसरून बसायचं आणि टाच सरकवत जवळ आणायची. पायाखाली प्लॅस्टिकची पिशवी किंवा गुळगुळीत कापड घेतलं तर सोपं जातं. शेवटी जिथे रग लागते तिथे झटका न देता वीस-तीस सेकंद थांबायचं. दुसरा प्रकार म्हणजे उंच खुर्चीत बसून दुखरा पाय लोंबू द्यायचा आणि चांगल्या पायाने त्याला हलकेच मागे रेटायचं. वाटीही बोटांनी वर-खाली आणि डावी-उजवीकडे सरकवावी लागते, पण ते समोर बसून शिकून घ्या, तारा आहेत.

एकदाच तासभर रडकुंडीला येईपर्यंत करू नका. पाच-सहा वेळा, थोडं थोडं. करताना रग लागली तरी चालेल. पण रात्रभर ठणकलं आणि सकाळी सूज वाढलेली दिसली, तर आदल्या दिवशी जास्त झालं असं समजायचं. व्यायामानंतर कापडात गुंडाळून बर्फ, दहा-पंधरा मिनिटं. मधुमेहामुळे पायाची संवेदना कमी झाली असेल तर शेक आणि बर्फ दोन्ही जपून, त्वचा बघत बघत.

रानपाखरू
हाडवैद्याबद्दल कळकळीने सांगते, नका नेऊ. माझ्या मेव्हण्यांचा कोपर असाच गाडीच्या अपघातात निखळला होता. बसवल्यानंतर गावच्यांनी हौसेने रोज तेल लावून चोळला, ओढून सरळ केला. स्नायूत रक्तस्राव होऊन तिथे चक्क हाड तयार झालं आणि कोपर ९० अंशांवर अडकला. घास तोंडापर्यंत जाईना. कोपराच्या बाबतीत हे फार होतं, पण मांडीच्या स्नायूतही होऊ शकतं, असं तिथल्या सर्जननी सांगितलं होतं. ते वाढलेलं हाड पूर्ण पक्कं होईपर्यंत थांबून मग दुसरं ऑपरेशन करावं लागलं.

आत्यांचा जीव तुटतो म्हणून त्या सांगतात, त्यांना दुखवू नका. जखम पूर्ण भरली असेल तर टाक्यांच्या वणावर हलक्या हाताने खोबरेल तेल चोळायचं काम त्यांच्याकडे द्या. त्याने वण मऊ राहतो, आणि त्यांनाही काही केल्याचं समाधान.

कराडकर
साताऱ्याहून सगळ्यात सोयीचं म्हणजे कराडचं कृष्णा रुग्णालय. तिथे फिजिओथेरपीचं कॉलेज आहे, त्यामुळे शिकवणारी माणसं बघतात आणि वेळ देतात. पुण्यात संचेती हॉस्पिटलमध्येही असंच आहे. मुंबईत कुणी नातेवाईक असतील तर हाजी अलीची केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था १९५५ पासूनची आहे. पण रोज इतक्या लांब जाण्यापेक्षा, एकदा मोठ्या ठिकाणी तपासून व्यायाम लिहून आणा आणि रोजचं काम घराजवळ करा.

जवळचा फिजिओ निवडताना दोन गोष्टी बघा. एक, बीपीटी किंवा एमपीटी, म्हणजे फिजिओथेरपीची पदवी किंवा पदव्युत्तर पदवी आहे का आणि राज्याच्या फिजिओथेरपी परिषदेकडे नोंदणी आहे का. बिनधास्त विचारा, नोंदणी असलेला माणूस रागवत नाही. दुसरी, तो पहिल्या दिवशी कोनमापक लावून गुडघा मोजतो का आणि दर आठवड्याला आकडा लिहून ठेवतो का. जो मोजत नाही त्याच्याकडे पैसे घालवू नका.

सातारची_लेक
सगळ्यांचे मनापासून आभार. उशी खरंच होती, काढली. आत्याला वणाचं काम सांगितलं, ती लगेच तयार झाली! मशीनचं काय करू? आणि बाबा तंबाखू खातात, त्याचा काही संबंध असतो का? ते म्हणतात, हाडाचा आणि तंबाखूचा काय संबंध.

फिजिओ_कोल्हापूर
थेट संबंध आहे. निकोटिनमुळे बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि हाड जुळायला उशीर होतो, मग विडी असो की चुना लावून मळलेली तंबाखू. त्यात मधुमेह. बाबांना माझ्यातर्फे हात जोडून सांगा.

मशीन घेऊ नका. ते ऑपरेशननंतरच्या सुरुवातीच्या दिवसांत वापरतात. ते पाय हलवतं, स्नायू काम करत नाही. आज बाबांना स्वतःच्या ताकदीची गरज आहे. तेच पैसे चांगल्या फिजिओवर घाला. घरी जुनी व्यायामाची सायकल मिळाली तर उत्तम. पूर्ण फेरी मारायला साधारण १०५ ते ११० अंश लागतात, त्यामुळे सुरुवातीला सीट उंच करून पेडल नुसतं पुढे-मागे झुलवायचं. जबरदस्तीने फेरी पूर्ण करायची नाही.

मांडीबद्दल खरं सांगतो. सपाट चालायला ६५ अंशांच्या आसपास पुरतात, म्हणून बाबा आज चालू शकतात. जिना आणि खुर्चीतून उठणं यांना ९० ते १०० लागतात. मांडी घालायला निदान ११०-१२० च्या पुढे, उकिडवं बसायला त्याहूनही जास्त. आधी ९० गाठा. मांडी कदाचित जमेल, कदाचित चौरंग किंवा बुटक्या स्टुलावर बसून पूजा करावी लागेल. आज शब्द देणं बरोबर होणार नाही.

चार-सहा आठवडे नेटाने करूनही आकडा हललाच नाही, तर सर्जनना भेटा. भूल देऊन गुडघा वाकवणं किंवा दुर्बिणीतून चिकटलेलं सोडवणं हे मार्ग असतात. वाटीचं हाड कितपत पक्कं झालंय ते बघूनच ते ठरवतात, कारण जोर लावताना ते पुन्हा तुटू शकतं. फार उशिरा गेलं तर नुसतं वाकवून भागत नाही.

आणि हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. पोटरी अचानक सुजली आणि दुखायला लागली, दम लागला, ताप आला, जखमेतून पाणी यायला लागलं, किंवा काल पाय उचलता येत होता आणि आज येतच नाही, तर व्यायाम बंद आणि त्याच दिवशी हॉस्पिटल.

अ‍ॅड_माणदेशी
थोडं वेगळं, पण उपयोगाचं. फिजिओच्या प्रत्येक भेटीची पावती घ्या आणि अंशांची ती नोंद जपून ठेवा. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात भरपाई मागताना उपचाराचा खर्च आणि सांध्याचं कायमचं अपंगत्व किती, या दोन्हींना ते कागद लागतात. अपघातापासून सहा महिन्यांत अर्ज करायचा अशी तरतूद २०२२ पासून लागू आहे, त्यामुळे गुडघा बरा होईपर्यंत वाट बघत बसू नका. एफआयआर आणि पंचनाम्याची प्रत आताच काढून घ्या.

सातारची_लेक
हे कुणीच सांगितलं नव्हतं, भावाला उद्याच पोलीस ठाण्यात पाठवते. कराडला सोमवारी जातोय. बाबांनी तंबाखूची डबी माझ्याकडे दिली आहे. एक शेवटचं विचारते, तारा कधी काढतात? वाटीवर हात लावला की टोचतात.

फिजिओ_कोल्हापूर
वाटीवर कातडीखाली मांस जवळजवळ नसतंच, म्हणून टोचतात. हाड पूर्ण जुळल्यावर, बहुतेक वेळा वर्षाच्या आसपास, त्रास असेल तरच सर्जन काढतात. तोवर गुडघे टेकून बसू नये. टोचणाऱ्या जागी कातडी लाल किंवा पातळ दिसायला लागली तर मात्र आधीच दाखवा. सोमवारी कराडला काय मोजमाप आलं ते इथे नक्की लिहा.