मदत हवी आहे: क्षमा मिळाली, तरी मन मानत नाही

नमस्कार मंडळी. आम्ही म्हापशाचे. शेजारी एक कॅथलिक अंकल राहतात, घरोबा जुना. तरुणपणी त्यांनी धाकट्या भावाला जमिनीच्या वाटणीत फसवलं होतं. पुढे वाटा परत केला, भावाने माफ केलं, फादरांनी कन्फेशनमध्ये, म्हणजे पापांची कबुली ऐकून, क्षमाही दिली. तरी तेच पाप घेऊन ते पुन्हा पुन्हा जातात. शंका एकच: मागच्या वेळी नीट सांगितलं नसेल! आता चर्चमध्ये मिसाच्या प्रार्थनेला बसतात, पण कम्युनियनला (पवित्र भाकर घ्यायला) उठत नाहीत. 'देव दयाळू आहे' हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त पाठ आहे, तेव्हा कृपया तेवढंच सांगू नका.

वाचलं की जेझुइट या कॅथलिक धर्मसंघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोला, म्हणजे आपल्या जुन्या गोव्यातल्या झेवियरचे सोबती, 1522 मध्ये स्पेनमधल्या मान्रेसाला अशाच शंकांनी पछाडले होते; जीव द्यावा असंही त्यांना वाटायचं. त्यांची कबुली ऐकणारे कन्फेसर म्हणाले, अगदी स्पष्ट असेल तेवढंच जुनं पाप सांग. पण त्यांना सगळंच स्पष्ट वाटायचं! अंकलचं अगदी तसंच.

विचारायचं हे की, एकाच फादरांकडे जायचं आणि ते 'पुरे' म्हणाले की थांबायचं, असं कुणाच्या घरी जमलंय का? हा ओसीडीचा (तेच तेच विचार आणि कृती सुटत नाहीत अशा मानसिक आजाराचा) प्रकार असू शकतो म्हणतात. बांबोळीच्या मानसोपचार संस्थेत न्यावं म्हणतोय, पण 'मी वेडा नाही' म्हणून ते अडून बसलेत. त्यांना कसं तयार करू? 14416 या टेलिमानसच्या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनवर घरच्यांनी बोललं तर चालतं का?