कलोनचं कॅथेड्रल ६३२ वर्षं बांधत होते, मग डिझाइन एकच कसं?

भटकी_मी:
जर्मनीतलं कलोन कॅथेड्रल बघून आले, अजून डोक्यातून जात नाहीये. काम सुरू झालं १२४८ला आणि संपलं १८८०ला. एवढ्या पिढ्या गेल्या तरी सगळं एका हाताने केल्यासारखं कसं दिसतं? आणि ते एवढं काळं का?

दगडवेडा:
सलग ६३२ वर्षं काम चालू नव्हतं हो. वेदीकडचा भाग १३२२ला पूर्ण झाला, तिथे तात्पुरती भिंत घालून प्रार्थना सुरू केल्या, पुढे काम रेंगाळत गेलं आणि सोळाव्या शतकात पैसे आटले तसं थांबलंच. दक्षिणेकडचा टॉवर अर्धवट आणि त्याच्या डोक्यावर लाकडी क्रेन, माणसं मोठ्या चाकात चालून ती फिरवायची, ती क्रेन तशीच जवळपास ४०० वर्षं उभी होती! जुन्या चित्रांत शहर ओळखायची खूण तीच.

आता डिझाइनचं. दर्शनी भागाचं मध्ययुगीन ड्रॉइंग होतं, चर्मपत्रावर, चार मीटर उंच. ते हरवलं होतं, अर्धं १८१४ला डार्मश्टाटला एका माळ्यावर मिळालं, उरलेलं १८१६ला पॅरिसमध्ये. दोन्ही जोडले आणि १८४२ला काम परत सुरू झालं ते त्याच ड्रॉइंगवरून. मला तर हे वाचूनच काटा आला होता. छताचा सांगाडा मात्र नव्या काळाचा, लोखंडी, बाहेरून कळतही नाही.

पायरी_५३३:
काळेपणा दगडामुळे. वालुकाश्म आहे बराचसा, त्याच्यावर धुराची काजळी आणि हवेतल्या गंधकाची रिॲक्शन. शेजारीच रेल्वे स्टेशन, वाफेच्या इंजिनांचा धूर किती वर्षं खाल्ला असेल त्याने. नवीन बसवलेला दगड जुन्याला खेटून फिकट दिसतो बघा, अगदी ठिगळासारखा.

उत्तर टॉवरची गोष्ट राहिली. १९४३ला बॉम्बने त्याच्या खांबाला मोठं भगदाड पडलं, टॉवर कोसळू नये म्हणून घाईघाईत विटांनी बुजवलं, त्या लालसर विटा कित्येक वर्षं तशाच दिसत होत्या, २००५पर्यंत त्यांच्यावर दगड चढवून झाला. युद्धात १४ बॉम्ब पडले तरी ते उभं राहिलं.

भटकी_मी:
बापरे, त्या खांबासमोर फोटो काढला मी आणि काही कळलंच नाही! आत्ता झूम करून बघतेय, एका पट्ट्यातला दगड खरंच वेगळा वाटतोय.