मोटरहोमचा रोडसाइड प्लॅन नेमका कुठपर्यंत पुरतो?

नमस्कार मंडळी,
आम्ही सेकंडहँड मोटरहोम (आत राहायची सोय असलेली मोठी गाडी) घेतलीय, तीस फुटांच्या आसपास, मागे छोटी कार बांधून न्यायचा विचार आहे. कारला रोडसाइड असिस्टन्स आहेच, त्यातच हिलाही घातलं तर चालेल का वेगळा प्लॅन घ्यावा लागेल? ब्रोशर सगळ्यांचे सारखेच दिसतात हो, २४ तास सेवा, टोइंग, टायर, बॅटरी. कुणी नीट वाचलेत का?

---

ताई, ब्रोशर ठेवा बाजूला आणि अटींची पीडीएफ मागवा. काय काय मिळतं ते ब्रोशरमध्ये, किती मिळतं ते पीडीएफमध्ये.

कारच्या साध्या मेंबरशिपमध्ये मोटरहोम बहुतेक वेळा बसत नाही, वजन-लांबी-उंचीच्या मर्यादा असतात. वजन म्हणजे रिकाम्या गाडीचं नाही, कंपनीने ठरवलेलं कमाल वजन, ते गाडीवरच्या प्लेटवर असतं, बऱ्याचदा ड्रायव्हरच्या दाराशी. लांबी मोजताना मागचा सायकल रॅक धरा, उंचीत छतावरचा एसी.

खरी गोम टोइंगमध्ये आहे. मोठ्या गाडीला नेहमीचा टो ट्रक चालतच नाही, हेवी ड्युटीवाला लागतो. एअर ब्रेक असतील तर हवा गेली की मागचे ब्रेक जाम, मग टोवाला त्याच्या ट्रकमधून हवा देतो तेव्हा चाकं सुटतात, आणि मागची चाकं रस्त्यावर ठेवून ओढायचं तर खाली शिरून ड्राइव्ह शाफ्ट (गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांकडे जाणारा फिरता दांडा) काढावा लागतो, कारण इंजिन बंद असताना ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये ऑइल फिरत नाही आणि आतून सगळं जळून जातं. हे करणारे लोक मोजकेच, त्यामुळे ते येतातही लांबून. म्हणून विचारा की प्लॅनमधले १०० मैल गाडीला हुक लावल्यापासून धरणार का त्यांच्या यार्डापासून. हुकपासून धरले आणि गॅरेज १४० मैलांवर निघालं, तर वरचे ४० आपल्या खिशातून.

अनलिमिटेड टोइंगवाल्या प्लॅनमध्ये मैलांची अट नसते पण ठिकाणाची असते. ही गाडी हाताळू शकेल असं सगळ्यात जवळचं गॅरेज, बस. त्यांच्याकडे महिनाभर जागा नसली तरी बऱ्याचदा गाडी तिथेच सोडतात, आणि तिथून दुसरीकडे न्यायची तर तो खर्च आपला. मला तरी ही अट सगळ्यात जास्त खटकते.

---

काकांनी टायरचं लिहिलं नाही म्हणून भर घालते. बऱ्याच मोटरहोममध्ये स्टेपनी नसतेच! अशा वेळी प्लॅनवाले टायर आणून बसवून देतील पण टायरचे पैसे तुमचे, पेट्रोल संपलं तरी बहुतेक तसंच. आणि गवतावर गाडी लावताना जरा जपून, कारण रुतलेली गाडी ओढून काढायची तर ती पक्क्या रस्त्यापासून ठरावीक फुटांच्या आत हवी आणि ट्रकही एकच मिळतो, दुसरा लागला तर त्याचं बिल वेगळं.

---

दोघांनाही थँक्यू! मागची कार पण ओढून नेतात का? आणि गाडी अडकली तर हॉटेलचं काय?

---

एका कॉलला सहसा एकच गाडी. मोटरहोम बंद पडली तर कार सोडवून चालवत न्यायची, म्हणून तिचा टँक रिकामा ठेवू नका.

हॉटेलचा खर्च काही प्लॅन फक्त अपघात झाला तरच देतात, नुसतं इंजिन बसलं तर नाही, आणि घरापासून अमुक अंतराच्या पुढे असाल तरच. पावत्या जपून ठेवा. स्वतःहून टोवाला बोलावू नका, आधी प्लॅनच्या नंबरवर फोन करून केस नंबर घ्यायचा, नाहीतर पैसे परत मिळणं अवघड. नवीन मेंबरशिपला पहिले काही दिवस सेवा नसते कधीकधी, तेव्हा निघायच्या आदल्या रात्री घेऊ नका.

फोन कराल तेव्हा नुसतं मॉडेल सांगून थांबू नका, प्लेटवरचं वजन, लांबी, उंची सांगा आणि ही गाडी कव्हर आहे असं ईमेलवर लिहून मागा. टाळाटाळ केली तर दुसरा प्लॅन बघा.