टॉर्परमधे (अंग गार करून ऊर्जा वाचवण्याच्या अवस्थेत) जाणारे पिशवीवाले प्राणी म्हणजे 'अर्धे सरडे'?

निशाचर: काल शीतनिद्रेच्या धाग्यात स्पष्टवक्ता यांनी ठोकून दिलंय की खरी शीतनिद्रा उत्तरेकडच्या बर्फाळ देशांतच, ऑस्ट्रेलियातले पिशवीवाले (पोटावरच्या पिशवीत पिल्लं वाढवणारे) थंडीत गार पडतात कारण त्यांना अंग गरम ठेवताच येत नाही, 'अर्धे सरडेच ते'. डोकं फिरलं म्हणून वेगळा धागा काढतोय. अहो, डनार्ट बघा, उंदरासारखा दिसणारा पिशवीवाला, जेमतेम पंधरा ग्रॅमचा जीव. रात्री किडे मिळाले नाहीत की पहाटेकडे अंग १५ डिग्रीच्या आसपास उतरवतो आणि काही तासांत परत नॉर्मल. गरम ठेवता येत नसतं तर वर आला कसा? शिवाय बाहेर आणखी गारठलं तर टॉर्परमधे असतानाच उष्णता वाढवतो, ठराविक पातळीखाली जाऊ देत नाही. सरडा करेल हे?

स्पष्टवक्ता: पण सकाळी उन्हात बसून गरम होतो ते सोयीस्कर विसरलात! ते सरड्याचंच काम. आणि ती ब्राऊन फॅट, म्हणजे अंगात उष्णता तयार करणारी चरबी, जी आपल्या तान्ह्या बाळांकडेही असते, ती यांच्याकडे कामाची नाहीच. चार तास पडून राहणं ही शीतनिद्रा असेल तर आमचं आख्खं ऑफिस जेवणानंतर शीतनिद्रेत जातं. मग कोआलाही घ्या, वीस तास लोळतो.

निशाचर: कोआला झोपतो हो, अंग गार करत नाही. पानांत दम नसतो म्हणून लोळतो, त्याला कशाला मधे ओढता. ऊन नसेल तर डनार्ट कुडकुडत स्वतःच्या ताकदीवर गरम होतो, फुकट ऊन मिळालं तर चरबी का जाळेल? आणि चार तास कमी वाटतात ना? मग ईस्टर्न पिग्मी पॉसम घ्या, हाही उंदराएवढा पिशवीवालाच. ऑस्ट्रेलियातल्या आर्मिडेलच्या युनिव्हर्सिटी ऑफ न्यू इंग्लंडमधे संशोधक फ्रिट्झ गायझर यांनी चरबी चढलेले पॉसम ७ डिग्रीत ठेवले, खाणं बंद, २००७ साली छापून आलंय. सरासरी ३१० दिवस काढले, एकाने तर ३६७! मधूनमधून जागे होऊनही एकूण खर्च जागत्या पॉसमच्या चाळिसाव्या हिश्शावर. उत्तरेतला कोण करतो एवढं?

डोंबिवलीचे तात्या: वर्षभर उपाशी ठेवलं?? याला संशोधन म्हणतात? माझ्या पुतणीने याच कारणाने झूलॉजी सोडलं.

मेलबर्नकर: तात्या, जंगलात काही वाढून ठेवलेलं नसतं. आमच्याकडचा माउंटन पिग्मी पॉसम १८९५ पासून फक्त जीवाश्मातून माहीत होता, जिवंत सापडला १९६६ मधे, व्हिक्टोरियातल्या माउंट हॉथम डोंगरावरच्या स्की लॉजमधे! दगडांच्या फटीत, वर बर्फाची गोधडी, सहा-सात महिने झोप. बर्फ लवकर वितळलं की लवकर जाग येते आणि त्यांचं खाणं असलेले बोगाँग पतंग आलेलेच नसतात, माद्यांचं बाळंतपण त्यांच्यावरच. हे पतंग आमच्या इकडच्या वसंतात डोंगराकडे येतात, आपल्या दिवाळीच्या सुमारास, आणि दिव्यांवर भरकटतात. आमच्या दिवाळीच्या हॉलबाहेर फ्लडलाइटखाली भिंत भरली होती, तपकिरी पंख, गडद पट्ट्यात दोन फिकट ठिपके, पोरं चपलेने चिरडत होती. लाइट बंद करा म्हटलं तर मलाच नावं ठेवली.

स्पष्टवक्ता: आलीच का गाडी दिवाळीवर! पॉसम मेला तरी दोष आपल्या सणाचा. ख्रिसमसला रस्तेच्या रस्ते उजळतात तेव्हा तुमची जीभ कुठे जाते?

मेलबर्नकर: तोंड सांभाळून. ख्रिसमसपर्यंत पतंग डोंगरावर पोचलेले असतात. आणि झूज व्हिक्टोरिया या प्राणीसंग्रहालयांच्या संस्थेचं 'लाइट्स ऑफ फॉर मॉथ्स' (पतंगांसाठी दिवे बंद करा) हे आवाहन सगळ्यांसाठी आहे, कॅनबेरातल्या संसदेच्या दिव्यांवरही पतंग जातात.

निशाचर: दोघंही थांबा. २०१७ नंतर पतंग गायब झाले त्याला मुख्यतः दुष्काळ जबाबदार, जिथे अळ्या वाढतात तिथेच पाऊस नव्हता. तेव्हा माद्यांच्या पिशवीत पिल्लं मेलेली सापडली. दिव्यांनी भर पडते, पण सगळं खापर त्यांच्यावर नको.

स्पष्टवक्ता: हे आधी सांगायचं ना, तास गेला माझा. बरं, ३६७ दिवसवाल्या पॉसमला सरडा म्हणत नाही, खूश? डनार्टबद्दल मत तेच. आणि आकाशकंदिलाला हात लावायचा नाही.

मेलबर्नकर: कंदील लावा हो, कोण अडवतंय! रात्री दोनला रिकाम्या पार्किंगवर हॅलोजन कशाला ते सांगा. कमिटीला विचारलं, म्हणे इन्शुरन्स.

डोंबिवलीचे तात्या: आमच्याही सोसायटीत हेच. बिल मात्र मेंटेनन्समधे.