बड फॉस्टर आयुष्यभर डिफेन्सिव्ह कोऑर्डिनेटरच राहिले, ते बरोबर केलं का?

तिसरा डाऊन (धागाकर्ता)

अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलमध्ये दर डिसेंबरला हेच होतं. एखाद्या संघाचा बचाव गाजला, की त्याच्या डिफेन्सिव्ह कोऑर्डिनेटरचं (बचाव आखणारा सहायक प्रशिक्षक; पुढे नुसतं डीसी म्हणतो) नाव कुठल्या ना कुठल्या विद्यापीठाच्या हेड कोचपदासाठी घेतलं जातं. जो गेला नाही तो मागे पडला, असं सगळे धरून चालतात. मला हे साफ चूक वाटतं, आणि त्यासाठी बड फॉस्टर यांची कारकीर्द पुरेशी आहे.

फॉस्टर मरे स्टेट विद्यापीठात हेड कोच फ्रँक बीमर यांच्या हाताखाली तयार झाले आणि १९८७ साली त्यांच्याबरोबरच व्हर्जिनिया टेकला आले. आधी लाइनबॅकर (बचावाच्या पुढच्या फळीमागचे खेळाडू) सांभाळले. १९९५ साली डीसी झाले (पहिलं वर्ष रॉड शार्पलेस यांच्यासोबत), ते २०१९ चा हंगाम संपवूनच थांबले. २००६ साली सर्वोत्तम सहायक प्रशिक्षकाचा ब्रॉयल्स पुरस्कार मिळाला. २०१५ नंतर बीमर निवृत्त झाले आणि जस्टिन फ्युएन्टे आले, तर त्यांनीही फॉस्टर यांनाच ठेवून घेतलं. नवा हेड कोच आपली माणसं घेऊन येतो आणि जुन्यांना नारळ देतो, ही या धंद्यातली रीत. ती इथे मोडली.

डीसीचं काम हे वेगळंच कसब आहे. रविवारी पुढच्या प्रतिस्पर्ध्याचं फिल्म फोडायचं, प्रत्येक डाऊनला (दहा यार्ड पुढे जायच्या चार प्रयत्नांपैकी एक) आणि उरलेल्या अंतराला ते काय खेळतात याची वर्गवारी करायची. मंगळवारी पहिल्या-दुसऱ्या डाऊनचा पाया, बुधवारी तिसरा डाऊन, गुरुवारी रेड झोन (गोलआधीचे शेवटचे वीस यार्ड) आणि गोल लाइन. दिवस थोडे इकडेतिकडे होतील, क्रम बहुतेक ठिकाणी हाच. शनिवारी हातात एक पत्रक आणि दोन चेंडूंमध्ये काही सेकंद. हेड कोचचा दिवस यातल्या कशातच जात नाही. तो जातो देणगीदार, माजी विद्यार्थी, भरती, वकील आणि पत्रकार परिषदांमध्ये. लग्नघरातला आचारी उत्तम आहे म्हणून त्याला यजमानाच्या जागी उभं करायचं, असा हा प्रकार आहे.

विल मुस्चँप यांच्याकडे बघा. टेक्सासने त्यांना डीसी असतानाच भावी हेड कोच म्हणून जाहीर केलं होतं. ते फ्लोरिडाला गेले आणि चार हंगामांत २८-२१ (विजय-पराभव) वर घरी बसले. मग साउथ कॅरोलिना, तिथे २८-३०. चार्ली स्ट्राँग फ्लोरिडाच्या २००६ आणि २००८ च्या विजेतेपदांचे डीसी. लुईव्हिलला ३७-१५, आणि मोठ्या टेक्सासमध्ये १६-२१. माणसं तीच, डोकं तेच, काम बदललं.

फॉस्टर यांच्या बचावाची खूण होती एक पत्र्याचा, पोचे पडलेला कामगारी जेवणाचा डबा. १९९५ पासून तो सरावाला आणि सामन्याला जायचा, आणि आत त्या हंगामाची लेखी उद्दिष्टं असायची. नैऋत्य व्हर्जिनियातल्या खाणकामगारांच्या मुलखात हा डबा काय सांगतो हे वेगळं समजावून द्यावं लागत नाही. अशी परंपरा मुरायला पंचवीस वर्षं एका जागी बसावं लागतं. दर चार वर्षांनी घर बदलणाऱ्याला ती जमत नाही.

साइडलाइनवरचा

तिसरा डाऊन, तुमचा आचारी मान्य. पण बाजारहाट त्याच्या हातात नाही, त्याचं काय? कुठला खेळाडू घ्यायचा, स्कॉलरशिप आक्रमणाला किती आणि बचावाला किती, आक्रमण किती वेगाने खेळायचं, हे सगळं हेड कोच ठरवतो. आपलं आक्रमण तीन चेंडूंत मैदान सोडत असेल, तर बचाव चौथ्या क्वार्टरला दमलेला असणारच.

२२ नोव्हेंबर २०१४ चा वेक फॉरेस्टविरुद्धचा सामना घ्या. साठ मिनिटांनंतर ०-० आणि दुसऱ्या ओव्हरटाइममध्ये ३-६ अशी हार. डीसीने निर्धारित वेळेत एकही गुण दिला नाही आणि सामना गेला. हेड कोच असता तर क्वार्टरबॅक (आक्रमण चालवणारा, पास टाकणारा खेळाडू) किंवा आक्रमणाचा कोऑर्डिनेटर बदलता आला असता. डीसीला फक्त आकडे बघत बसावं लागतं.

आणि तुम्ही २०१८ गाळलंत. ओल्ड डोमिनियन त्या हंगामात तोवर एकही सामना जिंकलेलं नव्हतं. त्यांनी व्हर्जिनिया टेकला ४९-३५ हरवलं, ६३२ यार्ड काढले, त्यातले ४९५ यार्ड एकट्या राखीव क्वार्टरबॅकच्या पासचे. पुढे नोव्हेंबरमध्ये पिट्सबर्गने नुसतं धावून ४९२ यार्ड घेतले, स्कोअर ५२-२२. ही त्याच डब्याची फळी होती. परंपरा टॅकल करत नाही.

रोव्हर

२०१८ चं कारण दोघांनीही अर्धवट सोडलंय, म्हणून थोडं तांत्रिक लिहितो.

फॉस्टर यांचा पाया म्हणजे आठ माणसं चेंडूजवळ ठेवणारी चार-चारची रचना. व्हिप हा लाइनबॅकर मैदानाच्या रुंद बाजूला, रोव्हर हा निम्मा सेफ्टी (सगळ्यात मागचा बचावपटू) निम्मा लाइनबॅकर, आणि मागे फ्री सेफ्टी साधारण १० ते १२ यार्डांवर. या सेफ्टीला रॉबर म्हणतात. तो चेंडूकडे बघत नाही, आतल्या क्रमांक दोनच्या रिसीव्हरकडे (पास झेलणाऱ्याकडे) बघतो. तो ब्लॉक करायला निघाला तर सेफ्टी सुसाट खाली येऊन धावेवरचा नववा माणूस होतो. तो सरळ वर पळाला तर सेफ्टी त्याला घेतो. कॉर्नर (कडेचे बचावपटू) बाहेर एकटे खोल. धावणाऱ्या संघांपुढे हे जबरदस्त चालायचं, कारण ब्लॉक करणाऱ्यांपेक्षा टॅकल करणारा नेहमी एक जास्त निघायचा.

बिघडलं कुठे? कॉलेजच्या मैदानात हॅशच्या दोन रेषांमध्ये (चेंडू यांच्यावर किंवा मधेच ठेवतात) ४० फूट अंतर असतं, व्यावसायिक लीगमध्ये साडेअठरा. चेंडू एका हॅशवर असला की रुंद बाजूला १०० फूट, म्हणजे ३३ यार्ड मोकळे. चार रिसीव्हर पसरले की व्हिपला एकाच वेळी धाव आणि पास दोन्ही सांभाळावं लागतं. त्यात भर म्हणजे कॉलेजमध्ये पुढचे लाइनमन पास असतानाही तीन यार्ड पुढे जाऊ शकतात, व्यावसायिक लीगमध्ये एकच. लाइनबॅकर वाचतो गार्डला. गार्ड धावेचं ब्लॉक करत तीन यार्ड आला की लाइनबॅकर पुढे झेपावतो, आणि क्वार्टरबॅक त्याच्याच पाठीमागे स्लँट (आत तिरका पळणाऱ्याला छोटा पास) टाकतो. यालाच आरपीओ (रन-पास ऑप्शन, म्हणजे धाव की पास हे ऐनवेळी ठरवणं) म्हणतात. लाइनबॅकरने चूक केलेली नसते, त्याचा वाचायचा खुणेचा माणूसच खोटं बोलत असतो.

याला इलाज दोनच. एक, मागे सगळीकडे माणसाला माणूस लावायचा, म्हणजे कुणाचीच द्विधा होत नाही. पण मग कॉर्नर अव्वल हवेत. दोन, धावेची जबाबदारी खोल सेफ्टीला द्यायची आणि तो उशिरा पोहोचेल तोवर पाच-सहा यार्ड सोडायचे. फॉस्टर पहिल्या वाटेचे. व्यावसायिक लीगच्या २०१८ च्या ड्राफ्टमध्ये (खेळाडूंच्या निवडीत) ट्रेमेन आणि टेरेल हे एडमंड्स बंधू दोघेही पहिल्याच फेरीत गेले, लाइनमधला टिम सेटलही गेला. पहिली वाट चालायला लागणारी माणसंच उरली नव्हती. नवख्या सेफ्टीने एक पाऊल चुकीचं टाकलं की या रचनेत मागे कुणीच नसतं. सहा यार्डांची धाव थेट साठची होते. पिटचा सामना पुन्हा बघा, बहुतेक मोठ्या धावा अशाच निसटल्या आहेत.

तिसरा डाऊन

रोव्हर, छान मांडलंत. पण यातून मला माझाच मुद्दा बळकट झालेला दिसतो.

सप्टेंबर २०१४, कोलंबस. ओहायो स्टेटचा जे. टी. बॅरेट दुसऱ्यांदाच सुरुवातीपासून खेळत होता. फॉस्टर यांनी नेहमीची रचना बाजूला ठेवून बेअर फ्रंट लावला. सेंटरच्या नाकासमोर एक आणि दोन्ही गार्डच्या बाहेरच्या खांद्यावर एकेक, म्हणजे मधले तिघेही अडकले. लाइनबॅकरपर्यंत पोहोचायला ब्लॉकरच उरला नाही. मागे खोल सेफ्टी शून्य, सगळे माणसाला माणूस. धाव बंद, आता तू टाकून दाखव, असं पोराला सरळ सांगितलं. २९ पैकी ९ पास, तीन इंटरसेप्शन (बचावाने पकडलेले पास), सात सॅक (पास टाकण्याआधीच क्वार्टरबॅकला पाडणं), स्कोअर ३५-२१. त्या हंगामात ओहायो स्टेट फक्त हाच सामना हरलं आणि पुढे राष्ट्रीय विजेता झालं. केंडल फुलरसारखे कॉर्नर होते म्हणून हे शक्य झालं, हेही मान्य.

अशी योजना महिन्याभरात बसवता येते ती उन्हाळाभर फक्त बचावाचाच विचार केलेल्या माणसाला. आणि २०१८ नंतर काय झालं? तीच पोरं वर्षभर घडवल्यावर २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये जॉर्जिया टेक ४५-०, लगेच पुढच्या आठवड्यात पिट २८-०. ज्या पिटने ४९२ यार्ड धावून घेतले होते तेच. घरच्या मैदानावरचा तो फॉस्टर यांचा शेवटचा सामना.

शनिवारची सकाळ

सगळे फॉस्टरवर अडकलात, व्हेनेबल्स यांचं नाव कुणी काढलंच नाही. मला वाटतं खरी परीक्षा त्यांचीच झाली आहे.

ब्रेंट व्हेनेबल्स कॅन्सस स्टेटमध्ये घडले, १९९९ पासून ओक्लाहोमाला, २०१२ पासून क्लेमसनला. ते यायच्या आधीच्याच ऑरेंज बोलमध्ये (हंगामअखेरचा एक मोठा सामना) क्लेमसनने ७० गुण खाल्ले होते. पाच वर्षांत त्याच विद्यापीठाने ओहायो स्टेटला ३१-० धुतलं आणि २०१६, २०१८ अशी दोन राष्ट्रीय विजेतेपदं नेली. व्हेनेबल्स मैदानात इतके घुसायचे की त्यांना मागे खेचायला एक माणूस खास नेमलेला असायचा. दहा हंगाम ते डीसीच राहिले. २०१८ साली पाच वर्षांचा १ कोटी १६ लाख डॉलरचा करार झाला होता, तेव्हा 'डीसी म्हणजे कमी पैसा' हे जुनं झालं.

मग डिसेंबर २०२१ मध्ये ओक्लाहोमाचे हेड कोच झाले. पहिल्या वर्षी ६-७, टेक्सासकडून ०-४९, आणि बचाव सामन्यामागे सुमारे ३० गुण देणारा! बचावाचा एवढा जाणकार, आणि बचावच ढासळला. दुसऱ्या वर्षी १०-३, तिसऱ्या वर्षी पुन्हा ६-७. २०२५ मध्ये त्यांनी बचावाची हाक (प्रत्येक चेंडूला काय खेळायचं ते सांगणं) दुसऱ्या कुणाकडे न ठेवता स्वतःकडे घेतली, आणि संघ १०-२ करून बारा संघांच्या प्लेऑफमध्ये पोहोचला. आक्रमण तेव्हाही अडखळत होतं. मला यातून दिसतं ते असं, की हा माणूस हेड कोचच्या खुर्चीत बसूनही डीसीचंच काम करतो तेव्हाच यशस्वी होतो.

साइडलाइनवरचा

मी अगदी उलटं वाचतो. हेड कोच होते म्हणूनच ती हाक स्वतःकडे घेता आली. नुसते डीसी असते तर दोन ६-७ नंतर त्यांनाच आधी काढलं असतं. २०२२ मध्ये संघ कसा मिळाला होता तेही बघा: आधीचे हेड कोच लिंकन रायली यूएससीला निघून गेलेले, पाठोपाठ क्वार्टरबॅक केलेब विल्यम्सही. तो संघ बांधायला चार वर्षं लागली. ती चार वर्षं आणि बांधायचा अधिकार हेड कोचलाच मिळतो.

मुस्चँप यांचंही अर्धच सांगितलंत. साउथ कॅरोलिनाने काढताना कोटीच्या वर डॉलर मोजले, आणि ते जॉर्जियाला सहायक म्हणून परतून २०२१, २०२२ च्या विजेत्या संघांत होते. परतीचा दरवाजा उघडाच असतो. आणि जॉर्जियाचे हेड कोच कोण? कर्बी स्मार्ट, अलाबामाचे आठ हंगामांचे डीसी. ते अलाबामातच बसून राहिले असते तर?

उलट डीसी म्हणून राहणं किती अस्थिर आहे ते जिम नोल्स यांच्यावरून कळतं. ओहायो स्टेटला २०२४ चं विजेतेपद मिळवून दिलं, वर्षाला ३० लाख डॉलरच्या वर घेऊन पेन स्टेटला गेले, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये तिथल्या हेड कोचलाच काढलं. ज्याच्या शब्दावर तुम्ही गेलात तोच गेला. प्रत्येक डीसीला बीमर मिळत नाहीत. फॉस्टर यांचा निर्णय बीमर यांच्यामुळे बरोबर ठरला. मिकी अँड्र्यूज फ्लोरिडा स्टेटमध्ये १९८४ ते २००९ टिकले, तेही बॉबी बाउडन यांच्यामुळेच.

रोव्हर

एक गोष्ट पगार आणि पदांच्या नादात निसटतेय. २०२४ पासून एका बचावपटूच्या हेल्मेटमध्ये थेट आवाज जातो. प्ले क्लॉक (पुढचा चेंडू सुरू करायची मुदत) ४० सेकंदांचं, १५ उरले की आवाज बंद. म्हणजे डीसीकडे कागदावर २५ सेकंद. प्रत्यक्षात समोर किती रिसीव्हर, किती टाइट एंड आलेत हे बूथवरून कळायला पाच-सात सेकंद जातात, आणि घाईने खेळणारा संघ तर २८ उरलेले असतानाच स्नॅप करतो (चेंडू खेळात आणतो). मग हाक एका शब्दाची हवी आणि ती वसंतातल्या सरावात बसवलेली हवी. आक्रमणाने खेळाडू बदलला तर पंच बचावालाही बदलायला वेळ देतात. त्याने बदललाच नाही तर तुमचा दमलेला टॅकल तिथेच अडकतो. या सेकंदांत हेड कोचने चौथ्या डाऊनला जायचं की पंट करायचं (लाथेने चेंडू दूर देऊन टाकायचा) हेही ठरवायचं असतं. दोन्ही एकाच डोक्याने करणं अशक्य नाही, पण त्यासाठी चौथ्या डाऊनचे निर्णय शुक्रवारीच तक्त्यावर मांडून ते वाचायला दुसरा माणूस उभा करावा लागतो. व्हेनेबल्स यांच्या यशापयशाबद्दल बोलताना हे धरायला हवं.

तिसरा डाऊन

साइडलाइनवरचे, बीमर यांच्याबद्दलचा मुद्दा खरा आहे, तो मी घेतला. म्हणून तरुण सहायकांनी विद्यापीठाचं नाव किंवा पगार बघण्याआधी हेड कोचच्या कराराची किती वर्षं उरलीत आणि त्याने आजवर किती डीसी बदललेत, हे बघावं. पण स्मार्ट यांच्या एका उदाहरणावर सगळ्यांना त्या वाटेला लावणं मला अजूनही पटत नाही. आयोवात फिल पार्कर २०१२ पासून डीसी आहेत, २०२३ ला ब्रॉयल्स मिळाला, आणि ते अजून तिथेच आहेत. त्यांना कुणी मागे पडलेलं म्हणून दाखवावं.

साइडलाइनवरचा

त्याच २०२३ मध्ये आयोवाचं आक्रमण देशात तळाशी होतं, आणि पार्कर त्यात काहीही करू शकत नव्हते. माझं म्हणणं एवढंच होतं.