क्रांती कोंगावरची खरी, की बँडवरची?

धागाकर्ता: अमेरिकी कृष्णवर्णीय कवी-गायक गिल स्कॉट-हेरनची 'द रेव्होल्यूशन विल नॉट बी टेलिव्हाइज्ड' (क्रांती टीव्हीवर दिसणार नाही) ही कविता दोनदा रेकॉर्ड झाली. १९७०च्या 'स्मॉल टॉक अ‍ॅट १२५थ अँड लेनॉक्स' या अल्बममध्ये आवाज आणि कोंगा (हातांनी वाजवायचा उंच ढोल), बस्स. १९७१च्या 'पीसेस ऑफ अ मॅन'मध्ये रॉन कार्टरचा बेस, ह्यूबर्ट लॉजची बासरी, बर्नार्ड पर्डीचे ड्रम्स. जग ओळखतं ती दुसरी. माझ्या मते खरी पहिलीच. एकविशीतला पोरगा तावातावाने बोलतोय आणि ताल त्याच्या मागे धावतोय. दुसरीत तो बेसच्या चौकटीत शहाण्यासारखा बसतो. अख्खी कविता टीव्हीवरच्या जाहिरातींची टर उडवते आणि रेकॉर्ड मात्र जाहिरातीइतकं गुळगुळीत!

बेसप्रेमी: काहीही! ती बासरी नीट ऐका. शब्दांभोवती ती जिंगलसारखी बागडते, म्हणूनच टोमणा झोंबतो. आणि कविता लोकांपर्यंत पोचली बँडमुळे. चार जाणकारांनी माना डोलावल्या म्हणजे चळवळ होत नाही.

धागाकर्ता: पोचण्याचं म्हणाल तर लास्ट पोएट्स हा कृष्णवर्णीय कवींचा गट घ्या. १९ मे १९६८ला, कृष्णवर्णीयांचे नेते माल्कम एक्स यांच्या जन्मदिवशी, न्यूयॉर्कमधल्या हार्लेमच्या बागेत उभे राहिले. १९७०च्या पहिल्या अल्बममध्ये तीन आवाज आणि निलाजाचं तालवाद्य. कित्येक कवितांची नावंसुद्धा रेडिओवर उच्चारता येणार नाहीत अशी. तरी बिलबोर्डच्या, म्हणजे अमेरिकेतल्या लोकप्रिय अल्बमच्या यादीत, पहिल्या तिसांत!

निळी शाई: तुमचं कोंगा की बँड चालू द्या, पण क्रांती कुणाकुणाची हेही विचारा की. त्याच 'स्मॉल टॉक'मध्ये समलिंगी लोकांना हिणवणारा एक तुकडा आहे, त्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. शिवाय ही यादी पुरुषांपाशीच का संपते? कवयित्री निकी जिओव्हानीने १९७१मध्ये 'ट्रुथ इज ऑन इट्स वे' हा अल्बम गॉस्पेल (ख्रिस्ती भक्तिगीतं गाणाऱ्या) कॉयरसोबत केला. ना नुसता कोंगा, ना जॅझ बँड. कवयित्री जेन कॉर्टेझने १९७४मध्ये फक्त रिचर्ड डेव्हिसच्या बेसवर अख्खा अल्बम केला. बेसच्या चौकटीत कवी शहाणा होतो म्हणणाऱ्यांनी तो जरूर ऐकावा.

धागाकर्ता: त्या तुकड्याचा बचाव नाही करणार. कॉर्टेझ ऐकतो.

जलसाकार: आपल्याकडे १९७२ला दलित पँथरने नाव घेतलं ते तिकडच्या कृष्णवर्णीयांच्या ब्लॅक पँथर संघटनेवरून. पण त्याच्या कितीतरी आधीपासून आंबेडकरी जलसे गावोगाव चालीवरच गेले. वामनदादा कर्डकांची गाणी म्हाताऱ्या बायांना तोंडपाठ आहेत, ती चालीमुळेच. नुसता ताल हे शहरी चोचले वाटतात मला.

धागाकर्ता: मग 'स्मॉल टॉक'मधलंच 'व्हायटी ऑन द मून' ('व्हायटी' म्हणजे गोऱ्यांसाठीचा हेटाळणीचा शब्द) कसं लक्षात राहतं? बहिणीला उंदीर चावलाय, डॉक्टरचं बिल थकलंय, आणि गोरा चंद्रावर! चाल नाही. तीच ओळ फिरून फिरून येते, खाली हातांचा ठेका. यात बासरी घातली असती तर तो उंदीर गोंडस झाला असता.

बेसप्रेमी: 'व्हायटी'पुरतं मान्य. बासरीबद्दल एक इंचही मागे हटत नाही.